बाईंची गाडी

आमच्या शेतातल्या घरापुढे, कडुलिंबाखाली, एक गाडी उभी असते. वरती छत, चार माणसांची बसायची जागा, बाजूला दारं नाहीत, छोटी जाड चाकं. नवीन पाहुणा आला की पहिला प्रश्न हाच, "हे काय हो?" मग सांगावं लागतं की ही गोल्फच्या मैदानावरची गाडी. भीमपूरमध्ये गोल्फ कोण खेळतं, हा त्याचा पुढचा प्रश्न. खेळत कोणीच नाही. इथे कापूस, तूर आणि सोयाबीन. उत्तरेला पैनगंगा, तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. दुकानात गिऱ्हाईक मराठीत भाव विचारतं, तेलुगूत घासाघीस करतं आणि उधारी मागताना हिंदीत बोलतं. अशा गावात ती गाडी 'बाईंची गाडी' म्हणून सगळ्यांना माहीत आहे. बाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सगळेच त्यांना बाई म्हणतात.

गाडी आली ती बाईंच्या गुडघ्यांमुळे. आमचं घर शेतात, गावाच्या रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. मधे पांदण, आणि पांदणीत एक नाला. पंचवीस वर्षं बाई हे अंतर पायी चालल्या. गावात जैनांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. पण नागपूर-हैदराबाद हमरस्ता जवळ असल्यामुळे विहारात असलेल्या महासतीजी कधीकधी वाट वाकडी करून आमच्याकडे एक मुक्काम करतात. त्या निघाल्या की बाई त्यांना पोहोचवायला पांदणीच्या टोकापर्यंत जायच्या. तिथे मांगलिक ऐकायचं आणि परत यायचं. चातुर्मास आमच्या गावाच्या नशिबी नाही, तेव्हा एवढ्या दोन किलोमीटरचीच सेवा, असं त्या म्हणायच्या. सत्तरी ओलांडल्यावर गुडघे बसले. एका वर्षी महासतीजी निघाल्या आणि बाई ओट्यावरच उभ्या राहिल्या, खांबाला धरून. त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण त्या दिवशी जेवल्याही नाहीत.

माझे दीर जुन्या मालाच्या लिलावात हिंडणारे. कुठल्याशा मोठ्या आवारातल्या बाद झालेल्या गाड्या विकायला निघाल्या होत्या, त्यांतली एक त्यांनी भंगाराच्या भावाने उचलून टेंपोत टाकून आणली. "वहिनी, बाईंसाठी," एवढंच म्हणाले. मला नंतर कळलं की ही कल्पना अगदीच वेडगळ नव्हती. अमेरिकेत १९५०च्या दशकात या गाड्या चालू लागल्या, तेव्हा त्यांचा पहिला उपयोग ज्यांना मैदानभर चालवत नाही अशा वयस्क आणि अधू खेळाडूंनाच झाला होता. म्हणजे गाडी मुळात गुडघ्यांसाठीच.

पण गाडीला धुगधुगी नव्हती. आजकालच्या गोल्फ गाड्या बहुतेक बॅटरीवर चालतात. ही जुनी, पेट्रोलची, टू-स्ट्रोक इंजिनाची. इंजिन पकडलेलं, पिस्टन जागचा हलेना. सुटे भाग मिळण्याची आशाच नाही.

इथे माझा संबंध आला. घरात दुकानाचे हिशेब मी बघते, आणि यंत्राची भीती मला कधी वाटली नाही. माझं माहेर नगरचं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माहेराचं नाव बदलायला जीभ तयार होत नाही.) १९७२ साली आमच्या नगरच्या कायनेटिकने लूना बाजारात आणली, आणि पुढे काही वर्षांनी माझ्या वडिलांनी घेतली. पन्नास सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि खाली सायकलीसारखे पायडल. पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळायचं काम माझ्याकडे होतं. तो निळसर धूर, तो वास म्हणजे माझं बालपण. फिरोदियांचं नाव आमच्या समाजात अभिमानाने घेतलं जायचं. नवलमल फिरोदिया स्वातंत्र्यलढ्यातले. १९५८ मध्ये बजाज टेंपोची सुरुवात त्यांनी केली, आणि माल वाहणाऱ्या तीनचाकीतून माणसं नेणारी ऑटोरिक्षा घडवण्याच्या कामातही त्यांचं नाव घेतात. आज त्याच घरातल्या सुलज्जा फिरोदिया मोटवानी कायनेटिक ग्रीन चालवतात. २०२३ मध्ये त्यांनी इटलीच्या टोनिनो लॅम्बोर्गिनीबरोबर गोल्फ गाड्या बनवण्याचा करार जाहीर केला. ती बातमी मी बाईंना वाचून दाखवली होती, "बघा, आपल्यातली बाई अशा गाड्या बनवते!"

बाई ऐकून म्हणाल्या, "बनवू दे. पण साडीकम्म येतं ना गं पंधरांत?"

माझ्या मैत्रिणींना सांगायला नकोच. प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानं म्हणतो. त्यांत साडीकम्म म्हणजे गाड्या घडवून विकण्याचा धंदा आणि भाडीकम्म म्हणजे भाड्याने देण्याचा. मी इतकी वर्षं ते शब्द एका दमात म्हणून टाकत होते. बाई मात्र त्यांचा अर्थ धरून बसायच्या. त्यांनी कुणा कारखानदाराचा न्याय केला नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हे. पण आपल्या दारातल्या गाडीचे नियम त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितले. गाडी दुरुस्त होईल ती घरापुरती. विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही. सूर्यास्तानंतर काढायची नाही, कारण दिव्यावर जीव येतात. आणि पांदणीबाहेर न्यायची नाही. शेवटचा नियम सरकारच्याही सोयीचा होता. कंपनीने दिलेल्या गाडीत परवानगीवाचून असा मोठा फेरफार करून ती रस्त्यावर आणणं १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात बसत नाही. बाईंना कलम माहीत नव्हतं. त्यांना सहावं व्रत माहीत होतं, दिशांची मर्यादा. रोज सकाळी चौदा नियम धारताना त्या 'वाहन' आणि 'दिशा' या दोन शब्दांपाशी थांबून विचार करतात, हे मी लग्न झाल्यापासून पाहत आले आहे.

मग मिस्त्री आला. बोअरच्या मोटारीपासून कापसाच्या ट्रॉलीपर्यंत सगळं दुरुस्त करणारा माणूस. त्याने गाडीखाली चटई टाकली, अर्धा तास आडवा पडून राहिला, आणि बाहेर येऊन हात पुसत मला म्हणाला, "भाभी, एक सांगा आधी. ताकद पायजे का पळणं पायजे? दोन्ही एका पेटीत नाही भेटत."

मी म्हटलं, "आधी चालू तर होऊ दे."

त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, मालवाहू तीनचाकीचं एका सिलेंडरचं डिझेल इंजिन. आपल्याकडे अशी अदलाबदल नवी नाही. पेट्रोल पिणाऱ्या जुन्या जीपमध्ये आणि अँबॅसेडरमध्ये लोकांनी मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवलं, बुलेटला छोटं डिझेल इंजिन लावलं. पण डिझेल जड आणि त्याची थरथर फार. गोल्फ गाडीची चेसी हलकी, आणि बसणाऱ्या बाईंचे गुडघे आधीच दुखरे. दुसरी वाट, पाण्याच्या पंपाला लावतात तसं फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. हलकं, शांत, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, आणि त्याचे भाग आदिलाबादला कुठेही मिळतात. आम्ही पंपाचं इंजिन निवडलं.

इंजिन बदलणं म्हणजे एक काढून दुसरं ठेवणं, असं मला वाटायचं. तसं नसतं. नव्या इंजिनाची बोल्टची भोकं जुन्या बैठकीवर बसत नाहीत, म्हणून बैठक कापून पुन्हा वेल्ड करायची. इंजिनाच्या दांड्याची पुली आणि मागच्या धुऱ्याची पुली एका रेषेत आली पाहिजे, नाहीतर पट्टा आठ दिवसांत झिजतो. या गाडीला आपल्या मोटारीसारखा क्लच आणि गिअरचा दांडा नाही. दोन पुल्या आणि मधे एक रुंद पट्टा. इंजिन जोरात फिरलं की पुढच्या पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात आणि पट्टा धरतात. इंजिन मंदावलं की तबकड्या सुटतात आणि गाडी मोकळी होते. पट्ट्याकडून आलेले फेरे मागच्या गिअरपेटीत कमी होतात आणि चाकाला ताकद मिळते.

आठव्या दिवशी इंजिन सुरू झालं. दीर बसले, पायडल दाबलं, आणि गाडी सरळ मागे गेली. दाबतील तशी मागे. मागे पऱ्हाटीचा ढीग रचलेला होता, त्यात ती अर्धी घुसली. पोरं टाळ्या पिटू लागली. मिस्त्री डोक्याला हात लावून खाली बसला आणि मग स्वतःच हसू लागला.

झालं होतं असं. काही जुन्या टू-स्ट्रोक गोल्फ गाड्यांना मागे जायचा वेगळा गिअरच नसतो. मागे जायचं असलं की इंजिन थांबतं आणि उलट्या दिशेने सुरू होतं. टू-स्ट्रोकला ते जमतं. हार्ले-डेव्हिडसन कंपनी १९६३पासून गोल्फ गाड्याही बनवत होती, त्यांच्यातही ही तऱ्हा होती. फोर-स्ट्रोक इंजिन मात्र एकाच दिशेने फिरतं, आणि आमच्या इंजिनाची दिशा गाडीच्या दृष्टीने नेमकी उलटी निघाली. मिस्त्रीने इंजिन पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला, तोंड फिरवून बसवलं. पुन्हा कापणं, पुन्हा वेल्डिंग. आता गाडी पुढे जाऊ लागली, पण मागे जाणं कायमचं संपलं. वळवायची तर दोघांनी उतरून ढकलायची.

बाईंना ते फार आवडलं. "बरं झालं," म्हणाल्या, "मागे न येणारी गाडी."

त्या वर्षी महासतीजी आल्या आणि निघाल्या, तेव्हा बाई गाडीत बसून त्यांच्या मागे पांदणीच्या टोकापर्यंत गेल्या. पुढे पांढऱ्या वस्त्रांतल्या चार महासतीजी, मागे टुकटुक करत गाडी. धूळ उडू नये म्हणून मी बरंच अंतर ठेवून चालवत होते. नाल्याचा चढ गाडी बैलासारखी चढली, सावकाश, न कुरकुरता. टोकाला बाई खाली उतरल्या, हात जोडून मांगलिक ऐकलं. परत येताना सगळी वाट त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

इथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

गाडी घरच्या सगळ्याच कामाला लागली. मी तिच्यातून दुकानाचे कागद घेऊन गावाच्या टोकापर्यंत जायची, तिथे सायकल ठेवलेली असायची. माझा मुलगा कॉलेजच्या सुट्टीत घरी आला. त्याला गाडी रांगते असं वाटलं. अमेरिकेत टेक्सासमध्ये असलेल्या चुलतभावाला त्याने फोटो पाठवले. तिकडे हा शौक मोठा. जुन्या गोल्फ गाड्यांना मोठं इंजिन लावायचं, मागच्या पेटीतले दात बदलायचे आणि वेग वाढवायचा. त्यासाठी गिअरची तयार जोडी विकत मिळते. पुतण्या दिवाळीला आला तेव्हा बॅगेत चॉकलेटं थोडी आणि गिअर दोन. तेलकट कागदात गुंडाळलेलं ते पोलाद मी हातात घेतलं. दागिन्यासारखं चकाकत होतं.

मिस्त्रीने पेटी उघडण्याआधी मला हिशेब करायचा होता. चाकावर खडूची खूण केली. वरच्या पुलीचा दांडा हाताने फिरवायचा आणि चाकाचा एक फेरा होईपर्यंत त्याचे किती फेरे होतात ते मोजायचं. मोजले तर सहा आणि थोडे. मिस्त्री म्हणाला, "भाभी, हिशेब चुकला तुमचा. एक चाक जमिनीवर टेकलेलं हाय." खरंच, जॅक एकाच बाजूला होता. एक चाक अडलेलं असलं की पेटी सगळे फेरे दुसऱ्या चाकाला देते आणि ते दुप्पट फिरतं. दोन्ही चाकं उचलली आणि पुन्हा मोजलं. बारा आणि थोडे. नवी जोडी होती आठाला एक.

मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. चाकाचा व्यास अठरा इंच, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे १४४ सेंटीमीटर. पुलीच्या दांड्याचे मिनिटाला ३,००० फेरे धरले तर बाराच्या पेटीवर चाकाचे २५०, म्हणजे ताशी साधारण २१ किलोमीटर. आठाच्या पेटीवर चाकाचे ३७५, म्हणजे ताशी ३२. दीडपट! मुलगा नाचायलाच लागला. मिस्त्रीने मान हलवली. "आणि चाकावरची ताकद तिसऱ्या हिश्श्याने कमी, ते पण लिहा. ब्रेक तोच, मागच्या दोन चाकांचा, तारेचा." ते मी लिहिलं नाही.

माझ्या मनात दुसराच हिशेब चालू होता. दोन किलोमीटरला ताशी २०ने सहा मिनिटं. ताशी ३०ने चार. सकाळच्या घाईत दोन मिनिटं वाचली तर वाचली. आणि खरं सांगायचं तर मलाही पळणं आवडलं असतं. लूनाच्या मागे बसून केस उडवत नगरच्या रस्त्याने गेलेली मुलगी माझ्यात कुठेतरी होतीच. बाईंना आम्ही विचारलं नाही. "घाला," मी मिस्त्रीला म्हणाले. मुलाने इंजिनाच्या गव्हर्नरची स्प्रिंगही थोडी ताणून घेतली. गव्हर्नर म्हणजे इंजिनाने ठरलेल्या फेऱ्यांपुढे जाऊ नये म्हणून लावलेला लगाम.

सपाट वाटेवर गाडी खरंच पळाली. महिनाभर सगळे खूश होते. नाल्याच्या चढावर मी एकटी असले तर ती चढायची, पण आधी जोर घ्यावा लागायचा. त्याकडे मी काणाडोळा केला.

मार्गशीर्षात महासतीजी आल्या. एक मुक्काम झाला, सूर्योदयानंतर निघाल्या. बाई पुढच्या सीटवर माझ्या शेजारी, मागे जाऊबाई आणि शेजारची एक आजी. पुढे महासतीजी त्यांच्या चालीने चाललेल्या. माणसाची चाल म्हणजे ताशी चार किलोमीटर. मी हे आधी मांडायला हवं होतं, आणि नंतर मांडलंही. जुन्या पेटीवर त्या चालीला इंजिनाचे मिनिटाला सोळा-सतराशे फेरे पडत होते, तेवढ्यात पट्टा धरतो. नव्या पेटीवर पडले असते जेमतेम अकराशे. तेवढ्यात पुली पट्टा धरतच नाही. गाडी धड थांबत नाही, धड चालत नाही. पट्टा पुलीवर घासत राहतो आणि तापतो. अर्ध्या वाटेतच मला जळक्या रबराचा वास येऊ लागला. सुमाराचं ऑइल सांडलं असेल, म्हणून मी मनाला समजावलं. पुढे महासतीजी, मी त्यांना ओलांडून जोर घेऊन चढ कसा चढणार? त्यांच्या मागेमागेच नाल्यात उतरले आणि चढाला लागले.

अर्ध्या चढावर गाडी थांबली. मी पायडल आणखी दाबलं. इंजिन ओरडलं, पट्टा चर्रकन सरकला, आणि गाडी मागे जाऊ लागली. मागे न येणारी गाडी. पाय ब्रेककडे न्यायला मला एक क्षण जास्त लागला. तीन-चार हात मागे येऊन मागचं चाक दगडावर आदळलं. गाडीला दार नाही. बाई बाहेर पडल्या, उजव्या हातावर.

महासतीजी मागे वळून थांबल्या. त्या खाली आल्या, बाईंजवळ उभ्या राहिल्या आणि तिथेच, नाल्याच्या उतारावर, त्यांनी मांगलिक म्हटलं. बाईंनी डाव्या हाताने पदर सावरला आणि मान वाकवली. मी ब्रेकवर पाय दाबून तशीच बसले होते. पाय उचलला तर गाडी पुन्हा सुटेल, म्हणून मला उतरताही येत नव्हतं. त्यांना हात द्यायला जाऊबाई धावल्या, मी नाही. तो मिनिट मला अजून आठवतो.

मनगटाचं हाड मोडलं होतं. आदिलाबादला नेऊन प्लॅस्टर घातलं, सहा आठवड्यांचं. डॉक्टर म्हणाले, नशीब खुब्यावर आलं नाही. घरी कोणी मला बोललं नाही. मुलगा दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही. मला बोलणी खायची होती, पण बाई मुकाट्याने डाव्या हाताने माळ ओढत बसायच्या. मणी निसटला की पुन्हा पहिल्यापासून.

पक्खीचं प्रतिक्रमण आम्ही दोघींनी घरीच केलं. पंधरा कर्मादानं आली, साडीकम्म आलं, आणि माझा आवाज अडकला. संपल्यावर मी त्यांच्यापुढे हात जोडले. मिच्छामि दुक्कडं. हे शब्द आपण संवत्सरीला शंभर जणांना म्हणतो, फोनवर पाठवतो. त्या रात्री पहिल्यांदाच मला ते कुणापुढे म्हणायचे होते. मी सगळं सांगितलं. गिअर बदलले ते, तुम्हाला विचारलं नाही ते, मिस्त्रीने सांगितलेलं वहीत लिहिलं नाही ते, आणि जळका वास येऊनही थांबले नाही तेही.

बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती वेळ वाचत होता?"

"दोन मिनिटं."

त्या आपल्या प्लॅस्टरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिशेबात तू पक्की गं. पण तू मोजलं ते तुझं. माझं मोजायचं राहिलं."

बस, एवढंच. तेवढं मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. बाराची जुनी जोडी त्याने फेकली नव्हती, रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवली होती. "माहीत होतं," म्हणाला, "परत मागाल." जळकी काच पडलेला पट्टा बदलला. गव्हर्नरची स्प्रिंग सैल केली, आणि या वेळी त्याच्या बोल्टवर वेल्डिंगचा ठिपका दिला, कोणाला सहज फिरवता येऊ नये म्हणून. सीटच्या दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीला दांडे लावले, पट्टे बसवले, चढावर थांबायला हातब्रेकचा दात असलेला दांडा केला. दोन्ही चाकं उचलून फेरे मी स्वतः मोजले. बारा आणि थोडे. मग गाडीत धान्याची तीन पोती टाकून नाल्याचा चढ माणसाच्या चालीने पाच वेळा चढून पाहिला. वास आला नाही.

हे सगळं मी का लिहिते आहे? आपण बायका यंत्रं रोज वापरतो. मिक्सर, शिलाई मशीन, गिरणी, स्कूटी. त्यांच्या आत काय आहे हे आपलं काम नाही, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. मला वाटतं, ते आपलं काम आहे. मिस्त्रीने मला सगळं सांगितलं होतं, आणि मला ते कळलंही होतं. कळत नव्हतं म्हणून चूक झाली असती तर मी स्वतःला लवकर माफ केलं असतं. गिअरची जोडी हीसुद्धा एक मर्यादाच असते. इतकं घ्यायचं तर इतकं सोडायचं. ती कोणासाठी आखायची, हे मिस्त्री ठरवत नाही आणि पेटीही ठरवत नाही.

पुढच्या वर्षी महासतीजी आल्या तेव्हा मी बाईंना विचारायला कचरत होते. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी चौदा नियम धारले. 'वाहन' या शब्दापाशी नेहमीसारख्या थांबल्या. मी ओट्यावर उभी राहून ऐकत होते.

"वाहन एक," त्या म्हणाल्या.

गाडीत बसल्या. पट्टा स्वतःच लावला. मोडलेला हात आता बरा आहे, पण मूठ पुरती वळत नाही. त्या हातानेच दांडा धरला. महासतीजी पुढे, आम्ही मागे, माणसाच्या चालीने. नाल्याशी आल्यावर मी गाडी थांबवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. उतरून चालता का, असं विचारायचं होतं.

"चल ना," बाई म्हणाल्या. "त्या पुढे चालल्या."

गाडी चढली.

आठाची ती चकाकती जोडी आता दुकानात माझ्या टेबलावर आहे. पंख्याच्या वाऱ्याने बिलं उडू नयेत म्हणून मी ती त्यांच्यावर ठेवते. मुलगा सुट्टीला आला की एकदा ती हातात घेतो, वजन बघतो, आणि काही न बोलता परत ठेवतो.